मदत हवी आहे: मोंगूसमध्ये वेगवेगळ्या पिकांच्या नोंदी एकाच अॅरेत कशा ठेवायच्या?

मंडळी नमस्कार,

काटोल तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी नोंदींचं अॅप करतोय. टाइपस्क्रिप्ट, मोंगोडीबी डेटाबेस आणि कोडमधून त्याच्याशी बोलणारी मोंगूस लायब्ररी. एका शेतकऱ्याचं एक डॉक्युमेंट, त्यात गट नंबरवार शेतांचा अॅरे, प्रत्येक शेतात पिकांचा अॅरे.

भानगड पिकांपाशी आहे. पऱ्हाटीला (कपाशीला) वेचण्या लागतात: तारीख, वजन, मजुरी. संत्र्याला बहार (आंबिया की मृग), झाडं किती, ताण (पाणी तोडून) कधी दिला. कोडमध्ये 'पीक' हा मूळ क्लास, त्यावरून 'कपाशी' आणि 'संत्रा'.

अॅरेला मूळ 'पीक'चाच स्कीमा (कोणती फील्ड असतील याचा साचा) दिला तर सेव्ह होताना नाव आणि क्षेत्र तेवढं उरतं. बहार, झाडं, वेचण्या गायब. एररही येत नाही.

मग पिकांचा टाइप मिक्स्ड, म्हणजे काहीही चालेल असा, केला. आता सगळं साठवलं जातं, पण वेचणीचं वजन आतल्या आत बदलून सेव्ह केलं की डेटाबेसमध्ये जुनंच वजन. शिवाय तारखा स्ट्रिंग झाल्या. शेतात रेंज नसते, म्हणून नोंद आधी फोनमध्ये राहते आणि गावात आल्यावर जेएसओएन होऊन सर्व्हरला जाते. तारखेप्रमाणे लावल्या की ०५/१२ ची (५ डिसेंबरची) वेचणी १२/११ च्या (१२ नोव्हेंबरच्या) आधी! मजुरीचा हिशोब यावरच आहे.

पीकवार वेगळी कलेक्शन नको आहेत. शेतकरी समोर बसला की त्याचं सगळं एका क्वेरीत दिसलं पाहिजे. काय करू?

प्रतिसाद १

भाऊ, मोंगूसचा स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो. स्कीमात नसलेलं फील्ड तो गुपचूप टाकून देतो. डेव्हलपमेंटपुरतं आतल्या स्कीमांवरही स्ट्रिक्टला 'थ्रो' द्या, म्हणजे तिथल्या तिथे बोंब मारेल. मिक्स्डमध्ये आतला बदल त्याला कळत नाही, मार्कमॉडिफाइड करून सांगावं लागतं. पण मिक्स्ड सोडाच, तारखांचं कास्टिंगही (स्ट्रिंगची खरी तारीख करणं) त्यात होत नाही.

तुम्हाला डिस्क्रिमिनेटर हवाय, म्हणजे एका फील्डवरून कोणत्या नोंदीला कोणता स्कीमा लावायचा ते ठरवणारी सोय. 'पीक' स्कीमाला डिस्क्रिमिनेटर की म्हणून 'प्रकार' द्या. मग शेताच्या स्कीमातला पिकांचा पाथ घेऊन त्यावर कपाशी आणि संत्र्याचे स्कीमा डिस्क्रिमिनेटर म्हणून चढवा. शेताचा स्कीमा शेतकऱ्याच्या स्कीमात बसवण्याआधी आणि मॉडेल बनवण्याआधी हे उरका. तुमचं दोन पातळ्यांचं नेस्टिंग आहे, त्यामुळे हा क्रम पाळाच.

फोनवरून येणाऱ्या प्रत्येक पिकात 'प्रकार' असलाच पाहिजे. टाइपस्क्रिप्टचा क्लास जेएसओएन होताना मागेच राहतो, सर्व्हरला नुसतं ऑब्जेक्ट मिळतं. 'प्रकार' नसला तर ते पुन्हा मूळ स्कीमानेच वाचलं जाईल आणि बहार पुन्हा उडेल. तारीखही फोनमधूनच वर्ष-महिना-दिवस अशी पाठवा. दिवस-महिना पाठवलात तर कास्टिंगमध्ये १२/११ चा ११ डिसेंबर होईल.

प्रतिसाद २

वरचं बरोबर. फक्त जुन्या नोंदींना 'प्रकार' लावताना मॉडेलमधून अपडेट करू नका, डिस्क्रिमिनेटर कीचा बदल मोंगूस सहसा होऊ देत नाही. थेट मोंगोशमध्ये (मोंगोडीबीच्या कमांड लाइनमध्ये) अॅरे फिल्टर लावून करा, आधी बॅकअप घेऊन. जी फील्ड उडाली ती डेटाबेसमध्ये मिळणार नाहीत, फोनमधल्या प्रती पुसू देऊ नका.

डॉक्युमेंटची १६ एमबीची मर्यादा वेचण्यांनी काही गाठली जात नाही. बाजारभाव रोजचे ठेवणार असाल तर ते मात्र वेगळ्या कलेक्शनमध्ये.

धागाकर्ता

स्ट्रिक्ट 'थ्रो' करताच संत्र्याच्या पहिल्याच नोंदीला एरर आली. डिस्क्रिमिनेटर लावल्यावर बहार आणि वेचण्या दोन्ही टिकतात. पण आमच्याकडे पऱ्हाटीच्या तासांमध्ये (ओळींमध्ये) तूर असते. तूर पऱ्हाटीच्या आत नेस्ट करू का?

प्रतिसाद १

नको. पऱ्हाटी उपटली तरी तूर उभी असते, काढणीही वेगळी. त्याच अॅरेत तिसरा प्रकार 'तूर' करा आणि 'मुख्य पीक' या फील्डमध्ये पऱ्हाटीचा आयडी ठेवा. अॅरेतल्या प्रत्येक सबडॉक्युमेंटला मोंगूस स्वतःहून आयडी देतोच. क्षेत्राची बेरीज करताना हे फील्ड भरलेली पिकं वगळा, नाहीतर दोन एकराचं शेत चार एकर दिसेल.