गर्दच्या व्यसनावर ओपीडीतली रोजची गोळी: द्यावी की नाही?

निशिगंध: गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सोडवायची म्हटलं की आपल्याकडे एकच वाट दिसते. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करा, टर्की, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, काढा, घरी पाठवा. माझं ठाम मत आहे की प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दऐवजी रोज द्यायची गोळी, मिळायला हवं. नॅको, म्हणजे केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था, तिच्या ओएसटी (नशेऐवजी औषध देणाऱ्या) केंद्रांत ते मिळतं, पण ती योजना एचआयव्ही रोखण्यासाठी, म्हणून सुईने नशा घेणाऱ्यांसाठी. पन्नीवर (चांदीच्या कागदावर) गर्द तापवून धूर ओढणारा बाहेरच राहतो. पंजाबने २०१७ मध्ये ओओएटी, म्हणजे दाखल न करता हीच गोळी देणारी क्लिनिकं काढली, तिथे सुईची अट नाही.

मला धास्ती वाटते ती टर्की उतरल्यानंतरची. तोवर शरीराची सवय मोडलेली असते, आणि बाहेर पडल्यावर कुणी जुन्याच मापाने घेतली तर श्वास थांबतो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागा धरून बसतं, तलफ शमवतं आणि ठरावीक मात्रेपुढे श्वास आणखी दाबत नाही. फ्रान्सने १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ते लिहून द्यायची मुभा दिली. चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले.

रानवाट: अजिबात पटलं नाही. माझा धाकटा भाऊ गर्दमधून सुटला तो केंद्रात राहून, गोळीशिवाय. ब्युप्रेनॉर्फिनही अफूच्याच कुळातलं. एक सोडून दुसरं धरायचं, तेही किती वर्षं? पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण उभं राहिलं, तेव्हापासून आपल्याकडे घरच्यांनाही उपचारात सामील करून घेण्याची रीत पडली. पेशंटच्या बायकांचे गट, आईवडिलांशी बोलणं, घरी गेल्यावरचा पाठपुरावा. सरकारी ओपीडीत तीन मिनिटांत हे कोण करणार? पंजाबातल्या क्लिनिकच्या गोळ्या बाहेर विकल्या गेल्याच्या बातम्याही आहेतच.

शुभ्रवेश: मी ओएसटी केंद्रात परिचारिका आहे. आम्ही गोळी हातात देत नाही. कुटून पूड करतो, जिभेखाली ठेवायला सांगतो, विरघळेपर्यंत समोर बसवतो आणि मग ‘जीभ वर करा’ म्हणून बघतो. पहिल्या दिवशी तर पेशंटला टर्की सुरू होईपर्यंत थांबवावं लागतं, कारण अंगात गर्द असताना गोळी दिली तर टर्की एकदम उसळते. काही आठवड्यांनी तोच माणूस अंघोळ करून, डबा घेऊन येतो आणि इथून थेट कामावर जातो. हे व्यसन म्हणायचं?

मोसमकाठ: माझं मालेगावात औषधांचं दुकान आहे. इकडचा नशेखोर एका गोष्टीवर थांबत नाही. कोडीनचं (अफूवर्गीय) खोकल्याचं सिरप, वर कुत्ता गोळी, म्हणजे अल्प्राझोलम हे गुंगीचं औषध, आणि रात्री दारू. अशा माणसाला ब्युप्रेनॉर्फिन दिलंत तर निशिगंध म्हणतात ती मर्यादा कामाची नाही. हे सगळं मिळून श्वास बंद पाडेल. शिवाय कुत्ता गोळीची सवय या औषधाने सुटत नाही. आधी जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञ द्या, मग गोळी.

निशिगंध: मोसमकाठ, मिश्रणाचा धोका खरा आहे, म्हणूनच लघवीची तपासणी आणि रोजची गाठ हवी. पण डॉक्टर येईपर्यंत थांबा म्हणाल तर तोवर तो गर्दच घेत राहणार, आणि त्यावरही कुत्ता गोळी असतेच. रानवाट, तुमचा भाऊ सुटला याचा मनापासून आनंद आहे. जे केंद्रातून बाहेर पडून पुन्हा पन्नीकडे वळतात, त्यांना पाचव्यांदा दाखल करण्यापलीकडे काय देणार? २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अफूवर्गीय नशेसाठी मदतीची गरज असलेले ७७ लाख आहेत. तेवढ्या खाटा कुठून आणायच्या?

रानवाट: खाटा नाहीत म्हणून गोळी, हा हिशेब सरकारचा झाला. तरी एवढं मान्य करतो की रस्त्यावर मरण्यापेक्षा गोळी बरी. पण समुपदेशकाचं पद भरल्याशिवाय केंद्र उघडू नये आणि गोळी कमी करत न्यायची का, हे ठरावीक काळाने पेशंटच्या घरच्यांसमोर बोललं जावं. हे लिहून द्या, मग मी विरोध करणार नाही.

शुभ्रवेश: त्यात आणखी एक घाला. केंद्र सकाळी सातला उघडा. नाक्यावर मजुरी साडेआठलाच ठरते. दहाची ओपीडी गाठायची तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून माणसं गोळी सोडतात.