छोटा ब्लेंडर एकदम गप्प झालाय

गंगापूररोडकर:
मंडळी, बाटली उलटी बसवून फिरवायचा माझा छोटा ब्लेंडर परवापासून मुका आहे. काकूंनी मळ्यातली थॉमसन द्राक्षं पाठवली होती. ती फ्रीजरमध्ये पार दगड करून घातली, वर दोन चमचे दही. दोन मिनिटं सलग दाबून धरला, करपट वास आला नि बंद! सॉकेट बदलून पाहिलं. दुकानदार म्हणतो, 'मोटर गेली, नवाच घ्या.' (तो विकतोच ना!)

सिडकोचा मेकॅनिक:
ताई, घाई नको. पातं अडकलं की मोटर तापते आणि बऱ्याच मशीनमध्ये आतला ओव्हरलोड स्विच (मोटर जळू नये म्हणून असलेला) करंट तोडतो. प्लग काढून अर्धा तास थंड होऊ द्या. बुडाला लाल बटण असेल तर दाबा.

पंचवटीची सुगरण:
माझ्याकडे बाटली बसते त्या खाचेत आमरस वाळला होता. बाटलीचे कान तिथली खटकी दाबतात तेव्हाच ते फिरतं. प्लग काढून जुना टूथब्रश नि ओलसर फडकं फिरवा. पाणी ओतू नका हं.

गंगापूररोडकर:
अगं, एक खटकी दाबलीच जात नव्हती! द्राक्षाचा रस पाकासारखा चिकटलेला. आता फिरतोय, पण वास थोडा येतोच.

सिडकोचा मेकॅनिक:
वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापलं होतं, वास राहील थोडा. आधी पाणी, मग द्राक्षं, आणि एका वेळी अर्धा मिनिटच. वास वाढला किंवा फार ठिणग्या दिसल्या तर बंद करा आणि कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) तपासून घ्या.