टोमॅटोच्या बुडाला काळं पडतंय, मदत हवी आहे

कुंडीतली_शेती: आठ टोमॅटो धरले, त्यातल्या पाचांच्या बुडाला चामड्यासारखा काळा चट्टा. देठाकडून फळ झकास, उलटं केलं की कळतं. कीड नाही, भिंगातून पाहिलं. व्हिडिओत कॅल्शियम कमी म्हणाले म्हणून महिनाभर अंड्याची टरफलं घालतेय, दोनदा पानांवर कॅल्शियम फवारलं. पाणी वेळच्या वेळी असतं. काडीचा फरक नाही. उपटून टाकू का? उपाय सांगा, लेक्चर नको.

चौकस: कुंडी केवढी? माती की कोकोपीट? ऊन किती तास? गाव कुठलं? फोटो?

बागुलबुवा: टरफलं मिक्सरमधून काढून ताकात भिजवा, आठ दिवसांनी घाला. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच. गुण येतोच.

कुंडीतली_शेती: जुनी बादली आहे. कोकोपीट आणि गांडूळखत. ऊन दिवसभर. पुणे. फोटो चढत नाहीये.

जुन्नरकर: ताई, हा ब्लॉसम एंड रॉट, म्हणजे फळाचं बूड कुजणं. आमच्याकडं टोमॅटोच्या पहिल्या तोड्याला हमखास दिसतो. युरिया घातलाय का? आणि "वेळच्या वेळी" म्हणजे नक्की कधी?

मूळव्याप: लेक्चर नको म्हणालात, तरी चार ओळी वाचाच. कॅल्शियम पाण्याबरोबर जलवाहिन्यांतून वर चढतं. पानातून बाष्पोच्छ्वास होतो, त्या ओढीनं पाणी खेचलं जातं. जिथून वाफ जास्त, तिकडे पाणी जास्त, म्हणजे कॅल्शियमही. टोमॅटोची साल गुळगुळीत, तिला पर्णरंध्रं जवळजवळ नाहीतच. त्यामुळे पानं जेवून घेतात, फळाच्या वाट्याला उरलंसुरलं, आणि बूड तर पंगतीचं शेवटचं पान. फळाला साखर रसवाहिन्यांतून पोचते, पण त्या वाटेनं कॅल्शियम नावापुरतंच जातं. म्हणून पानांवर फवारलेलं पानांतच राहिलं. तुमच्याकडे माल आहे, वाहतूक बंद आहे.

बागुलबुवा: मग मला ताकानं गुण कसा येतो?

मूळव्याप: बऱ्याचदा पहिल्या घोसांनाच डाग येतो. मुळं पसरली की पुढचे आपोआप बरे येतात, श्रेय ताकाला.

बागुलबुवा: पुस्तकी ज्ञान. बरं, पाणी केशिकत्वानं, म्हणजे बारीक नळीत आपोआप, चढतं हे शाळेत शिकलोय, बाष्पबिष्प नंतरचं.

न्यूटनचा_नातू: केशिकत्वानं फूटभर चढेल. 0.1 मिमी व्यासाच्या नळीत साधारण 30 सेंमी. वरून हवा ओढणारा पंपसुद्धा 10 मीटरच्या पुढे पाणी नेत नाही, आणि कॅलिफोर्नियातलं हायपेरियन नावाचं रेडवुड 115 मीटरच्या वर आहे! पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, अख्खा स्तंभ वरून ताणला जातो. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी हे 1894 साली मांडलं.

पाटीपेन्सिल: आपले जगदीशचंद्र बोस मात्र म्हणायचे की खोडातल्या जिवंत पेशीच धडधडून रस चढवतात. 1923 चं पुस्तक आहे त्यांचं. पुढे ते टिकलं नाही, पण माणूस जबरदस्त.

सुगरण_नाशिक: चट्टा कापून टाकला तर बाकीचं फळ खाता येतं. हिरव्या टोमॅटोची चटणी करा, तीळ-शेंगदाणे घालून.

जास्वंदी: विषय निघालाच आहे तर, माझ्या जास्वंदाची पानं पिवळी पडतायत. काय करू?

चौकस: नवीन धागा काढा हो.

जुन्नरकर: ताई, पाण्याचं सांगा ना.

कुंडीतली_शेती: शनि-रवि मी भरपूर घालते. बाकी दिवस सासूबाई. आत्ता विचारलं तर म्हणाल्या, "पान मान टाकतं तेव्हा घालते की!" युरिया नाही.

जुन्नरकर: सापडलं. मान टाकली म्हणजे वरची वाहतूक बंद. रोज सकाळी थोडं थोडं द्या, वर पालापाचोळा अंथरा. कडक उन्हात दुपारी जुनी साडी बांधून सावली करा. डाग पडलेली तोडा, ती काही सुधारत नाहीत. रोप उपटू नका. पुढचे घोस बघा.

मूळव्याप: कोकोपीट न धुता वापरलं असेल तर ते स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतं. पाण्यात विरघळणारं कॅल्शियम नायट्रेट मुळाशी द्या, पानांवर नको. पाकिटावरच्या मापानं. पहाटे पानांच्या कडेला पाण्याचे मणी दिसतात का? दिसले तर मुळं रात्री खालून पाणी ढकलतायत. तेव्हा पानं ओढत नसतात, फळालाही थोडं पोचतं.

कुंडीतली_शेती: मणी नाही दिसले कधी.

जुन्नरकर: बादलीला भोकं किती?

कुंडीतली_शेती: एक. म्हणजे होतं. थांबा, बघून येते.