पद्मिनीचा पेट्रोलचा काटा झोपलेला, लाल दिवा मात्र कायम जागा

शिवणवाली, कराड

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, वडिलांची. ते गेल्यावर भाऊ म्हणाला भंगारात घाल. मी नाही घातली, आता निस्तरतेय.

दुखणं असं आहे. किल्ली फिरवली की पेट्रोलचा काटा तळापासून जेमतेम केसभर उठतो आणि तिथेच बसतो. रिझर्व्हचा लाल दिवा कायम लागलेला. परवा मुद्दाम पंधरा लिटर टाकलं, काटा ढिम्म. दिवाही तसाच, थोडा मिणमिणता, आणि खड्ड्यातून गेलं की डोळे मिचकावतो.

दिवा सदाचाच म्हणून मी त्याच्याकडे बघणंच सोडलं होतं. त्याचं फळ मागच्या गुरुवारी मिळालं. साताऱ्याहून येताना उंब्रजच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद. मागच्या सीटवर एका नवरीच्या सहा ब्लाउजांचं गाठोडं, हळद दुसऱ्या दिवशी. एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी पंपापर्यंत नेऊन परत आणून सोडलं म्हणून निभावलं.

इथल्या एका इलेक्ट्रिशियनने गाडीत न वाकताच निदान केलं: मीटर गेलं, साडेतीन हजार, तेही जुनं कुठे मिळालं तर. मला पटत नाही, कारण त्याच मीटरमधला टेंपरेचरचा काटा शहाण्यासारखा वागतो. आणखी एक. दिवाळीनंतर डिकीचा पत्रा सडला होता म्हणून डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. त्याआधी काटा निदान अर्धंमुर्धं तरी खरं बोलायचा. याचा संबंध असेल का?

मुलाचा मल्टिमीटर आहे. शिलाई मशीन मी स्वतः उघडून जोडते, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हरची भीती नाही. पैसे घालण्याआधी काय काय तपासू?

मीटर डाऊन

ताई, मी मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली, बावीस वर्षं. काट्याकडे बघून धंदा केला असता तर रोज हिंदमाताला ढकलत बसलो असतो. आमची पद्धत सोपी. सकाळी दहा लिटर टाकायचं आणि किलोमीटर मोजायचे. शंका आली तर मागचा बंपर धरून गाडी हलवायची आणि टाकीचा आवाज ऐकायचा. भरलेली टाकी गप्प असते, अर्धी बोलते, रिकामी नुसती खणखणते. काही नाही, सवयीने कळतं. पुढे सीएनजी आला आणि ही विद्या वाया गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा रस्त्यावरून गेली. तुमची ठेवा हो नीट.

एसटीचा वायरमन

मीटरला हात लावू नका. आधी एक काम करा. अंधार पडल्यावर इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली लावा आणि इंडिकेटर द्या. काट्याकडे आणि लाल दिव्याकडे बघा. मग कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून परत बघा. काय दिसतं ते लिहा, पुढचं नंतर.

शिवणवाली, कराड

काका, अहो काटा नाचतोय! इंडिकेटरची टिकटिक आणि काट्याचं लवणं एका तालात. जो थोडासा उठलेला असतो तो प्रत्येक टिकला खाली जातो. लाल दिवापण त्याच तालात मंद होतो. ब्रेक दाबला तर दिवा जवळजवळ विझतोच. मुलगा म्हणाला, आई, आपल्या गाडीत गणपतीची आरास झाली.

एसटीचा वायरमन

मग तुमच्या शंकेचं उत्तर मिळालं. संबंध आहे, आणि तो रंगाशी आहे.

टाकीत सेंडर असतो, म्हणजे पेट्रोल किती आहे ते काट्याला कळवणारा भाग. त्याच्याकडे समोरून दोन वायरी येतात, एक काट्याची, एक दिव्याची. करंटची परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, म्हणजेच अर्थ. सेंडरचा अर्थ आणि मागच्या दिव्यांचा अर्थ एकाच जागी पत्र्याला लावलेला असेल आणि त्या जागी आता रंग बसला असेल, तर सगळ्यांची परतीला चेंगराचेंगरी होते. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, ब्रेकचाही तेवढाच. काट्याचा करंट त्यामानाने चिमूटभर. मोठा आला की चिमूटभर मागे ढकलला जातो, तोच तुम्हाला नाच दिसला. पेंटरचा दोष म्हणू नका, त्याला गाडी चकचकीत करायला सांगितली होती, अर्थ सांभाळायला नाही. आमच्या वर्कशॉपात गाडी रंगून आली की आम्ही पहिल्यांदा मागचे दिवे बघायचो.

आता मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक सेंडरच्या अर्थला, दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला. मागचे दिवे लावा. मल्टिमीटरवर ०.१ च्या आसपास आलं तर अर्थ ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर गेला. मग डिकीतला अर्थचा बोल्ट शोधा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) सोडवा, खालचा पत्रा पांढरा दिसेपर्यंत खरवडा, आवळा, वरून थोडं ग्रीस.

अर्थ झाल्यावर मीटरची परीक्षा. किल्ली बंद करून काट्याची वायर सेंडरवरून काढा. किल्ली लावून काटा कुठल्या टोकाला जातो ते बघा. किल्ली परत बंद. तीच वायर टाकीपासून लांब स्वच्छ पत्र्याला क्लिपने लावा, मग किल्ली. काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. दोन-तीन सेकंदांत किल्ली बंद करा, जास्त वेळ ठेवू नका. कुठल्या गाडीत अर्थ दिल्यावर फुल येतं, कुठल्यात रिकामं येतं. त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही, काटा दोन्ही टोकांना पोचतो का एवढंच बघायचं. पोचला तर मीटर आणि पुढून मागेपर्यंतची वायर दोन्ही ठणठणीत.

तसंच दिव्याची वायर काढल्यावर दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर ती वायर वाटेत कुठेतरी सोलून पत्र्याला टेकलीय. वायर जोडणं-काढणं दर वेळी किल्ली बंद करूनच. ठिणगी आणि पेट्रोल यांची ओळख आपण करून द्यायची नाही.

सत्त्याण्णव मॉडेल

मध्येच घुसतो, पण कोणाला उपयोग होईल. माझ्या गाडीचा रिझर्व्हचा दिवाही असाच कायम अंधुक लागलेला असायचा, टाकी फुल असली तरी. टाकी, वायरिंग सगळं खोलून झालं. शेवटी उलगडा झाला की मीच डॅशबोर्डचे बल्ब काढून एलईडी बसवले होते. जपानी वळणाच्या बऱ्याच गाड्यांत दिव्यासाठी टाकीत थर्मिस्टर असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तोवर थंड, करंट अगदी थोडा. उघडा पडला की तापतो, त्याचा रोध उतरतो आणि बल्ब पेटतो. तो अगदी थोडा करंट साध्या बल्बला दिसतही नाही, एलईडीला मात्र तेवढा पुरतो. दहा रुपयांचा जुना बल्ब परत लावला आणि रोग गेला. ताई, तुम्ही बल्ब बदललेत का?

एसटीचा वायरमन

बरोबर आहे तुमचं, पण ताईंच्या गाडीत ती भानगड नाही. तिथे फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीचा, दांडा खाली गेला की पत्र्याची एक पट्टी टेकते आणि दिवा लागतो. साधा देशी हिशेब.

शिवणवाली, कराड

बल्ब जुनेच आहेत, वडिलांनी लावलेले.

आज दुकान बंद ठेवून बसले. स्टेपनी आणि सगळं बोचकं बाहेर काढलं. मल्टिमीटरवर आले १.९ व्होल्ट! तुम्ही अर्धा म्हणाला होता. बोल्टखाली तीन लग, तिन्ही रंगाने गुळाच्या ढेपेसारख्या एकजीव झालेल्या. जुन्या कात्रीच्या पात्याने खरवडल्या. परत मोजलं, ०.०६. नाच थांबला. काटा दोन्ही टोकांना जाऊन आला, दिव्याची वायर काढली की दिवा विझला. म्हणजे साडेतीन हजार वाचले म्हणायचे.

पण काका, गाडी अजून बरी नाही. काटा आता स्थिर आहे, पण तळाशीच स्थिर. आणि दिवा पूर्वी मिणमिणायचा तो आता लख्ख पेटलाय. टाकीत निदान बारा लिटर असेल.

एसटीचा वायरमन

छान. एक दुखणं गेलं म्हणून दुसरं स्वच्छ दिसायला लागलं. आता वायरिंग खरं बोलतंय की दांडा खाली पडलाय. एकतर दांडा अडकलाय किंवा फ्लोट बुडालाय. सेंडर बाहेर काढावा लागेल.

मोकळ्यावर करा, घरात किंवा शेडमध्ये नको. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. जवळपास विडी, उदबत्ती, गॅस काही नको. सेंडर काढण्याआधी त्याची दिशा खूण करून ठेवा, नाहीतर परत बसवताना फ्लोट टाकीच्या भिंतीला घासत बसेल आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर. हलवत, वाकवत काढा, ओढू नका.

फ्लोट पितळी असेल तर कानाशी धरून हलवा. आत खळखळलं तर पेट्रोल शिरलंय. बादलीत तरंगतोय म्हणून फसू नका. पाण्यापेक्षा पेट्रोल हलकं, पंपावर रोज घनता लिहिलेली असते ती बघा, ७४० च्या आगेमागे. पाण्यावर तरंगणारा अर्धा भरलेला फ्लोट पेट्रोलमध्ये खुशाल बुडतो.

छिद्र सापडत नसेल तर गरम पाण्यात बुडवा. पाणी आधी उतरवून अंगणात आणा, शेगडीवर नाही. जिथून बुडबुडे येतील तिथे छिद्र. आणि हे नीट ऐका: आत पेट्रोलचा वास असेपर्यंत त्याला डाग द्यायचा नाही. बॉम्ब होतो. रेडिएटरवाल्याकडे द्या आणि त्याला स्पष्ट सांगा की आत पेट्रोल होतं.

फ्लोट बाहेर आहे तोवर मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडा हळूहळू वर-खाली करा. आकडा सरळ चढत-उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली तर तिथली तार घासलीय किंवा मळलीय. पॉलिशपेपर अजिबात नको, बारीक तार असते, तुटेल. स्पिरिटचा बोळा फिरवा. खालचं पॅकिंग नवं घ्या, पेट्रोलला टिकणारं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, १९८६ च्या रबराला ते मानवत नाही.

मीटर डाऊन

पॅकिंग कराडात नाही मिळालं तर पुण्याला नाना पेठेत चक्कर मारा. जुनं सँपल हातात घेऊन जा, तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

शिवणवाली, कराड

झालं एकदाचं. उशीर झाला कारण लग्नसराई.

खूण करायला माझा शिवणकामाचा खडू घेतला. सेंडरच्या तबकडीवरून टाकीवर एकच सरळ रेघ, जशी बाहीची खूण गाठतो तशी. स्क्रू सहा, त्यातला एक गंजून हट्टाला पेटला, त्यावर दुपार गेली. सेंडर बाहेर आला तर पितळी फ्लोट, लहान डबीएवढा, वरून सुंदर पिवळा. कानाशी धरला, आत शहाळ्यासारखं खळखळ. गरम पाण्यात घातल्यावर जोडाच्या शिवणीतून, हो शिवणच, बारीक मण्यांची माळ वर आली. उसवायचं ते शिवणीतच उसवतं, मग ते पितळ असो की पॉपलिन.

रेडिएटरवाल्या भाऊंना तुमचा निरोप शब्दशः सांगितला. ते हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी छिद्र आधी मोठं केलं, पेट्रोल काढलं, पाण्याने दोनदा विसळलं, दोन दिवस उन्हात ठेवलं आणि मग डाग दिला. ऐंशी रुपये. पॅकिंग नाना पेठेतून भाच्याने आणलं, चाळीस. दांड्याचा आकडा एका जागी उडी मारत होता, स्पिरिटने पुसल्यावर सरळ झाला. एकूण खर्च एकशेवीस आणि माझे तीन दिवस.

बसवण्याआधी टाकी जवळजवळ रिकामी करून घेतली होती. मग पत्र्याच्या कॅनमधून दोन-दोन लिटर घालत काटा कुठे येतो ते लिहीत गेले. दोन लिटर, दिवा चालू. चार, दिवा चालू. सहा घातले आणि दिवा विझला! मी टाळीच वाजवली, समोरच्या काकू बाहेर आल्या बघायला.

संध्याकाळी ग्लोव्ह बॉक्स पुसताना वडिलांची खिशातली डायरी सापडली, पेट्रोलच्या हिशेबाची. पहिल्याच पानावर त्यांच्या बारीक अक्षरात: "दिवा लागला = ५ लि." आणि खाली पाव काटा, अर्धा काटा, त्यांच्यापुढे लिटर. तेही कधीतरी माझ्यासारखेच कॅन घेऊन बसले असणार. पाव काट्याला त्यांचे नऊ लिटर आहेत, माझे दहा भरतात. काका, हा एक लिटरचा फरक दांडा किंचित वाकवून जाईल का, की राहू दे?

एसटीचा वायरमन

राहू द्या. वडिलांच्या हिशेबाने चाललात तर एक लिटर हाताशी जास्तच राहील. डायरीत आजची तारीख आणि तुमचे आकडे मात्र लिहून ठेवा.