विषय: एकाच खोक्यावर तीन दर का? कॅनडा–अमेरिका आयातशुल्क

प्रेषक: वर्षा, मिसिसागा | १३ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

दिवाळीसाठी आमच्या मंडळातर्फे अमेरिकेतल्या बफेलो आणि डेट्रॉइटच्या मंडळांकडे विक्रीसाठी ब्रॅम्प्टनमध्ये तयार झालेल्या चकल्या, दिवाळी अंक आणि कोल्हापुरी चपला पाठवायच्या आहेत. कुरिअरवाल्यांकडे विचारलं तर कोणी शून्य शुल्क सांगतं, कोणी ३५ टक्के, कोणी ५० टक्के. माल तर एकाच खोक्यातून जाणार. आणि १ सप्टेंबरपासून कॅनडाने शुल्क मागे घेतलं म्हणतात, त्याचा काही फायदा होईल का?

प्रेषक: अविनाश, विंडसर | १३ सप्टेंबर २०२५

वर्षाताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. कॅनडाने मागे घेतलं ते अमेरिकेतून इकडे येणाऱ्या मालावरचं शुल्क, आणि तेही सगळं नाही. पोलाद, अॅल्युमिनियम आणि गाड्यांवरचं कायम आहे. तुमचा माल उलट्या दिशेने जातोय.

आता दर. अमेरिकी कस्टम्सला माल कुठून निघाला याच्याशी देणंघेणं नाही, तो कुठे तयार झाला हे महत्त्वाचं. चपला कोल्हापूरच्या असतील तर मिसिसागात नवं खोकं आणि नवं लेबल लावून त्या कॅनडाच्या होत नाहीत. त्यांना भारताचा दर लागणार: ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून, भारत रशियन तेल घेतो या कारणाने, आणखी २५. पादत्राणांचं नेहमीचं शुल्क याशिवाय.

चकलीचं वेगळं. तांदळाचं पीठ भारतातून आलं असलं तरी पिठाचा एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) प्रकरण ११ मध्ये येतो आणि तयार चकलीचा सहसा १९०५ मध्ये. प्रकरण बदलण्याइतकी प्रक्रिया कॅनडात झाली, म्हणून ती कुस्मा या कॅनडा–अमेरिका–मेक्सिको व्यापार कराराखाली (अमेरिकेत यालाच यूएसएमसीए म्हणतात) कॅनडाची ठरू शकते आणि दर शून्य होतो. पेढे-बर्फी मात्र या खोक्यात घालू नका. दुधाच्या पदार्थांचे मूळस्थानाचे नियम फार कडक आहेत आणि एका चुकीने सगळं खोकं अडकतं.

३५ टक्के लागतात ते कॅनडाचा माल असूनही कुस्माचा दावा केला नाही तर. लोक इथेच फसतात. चकली पात्र आहे एवढं पुरत नाही, कस्टम्सच्या नोंदीत ब्रोकरने (कस्टम्सचं काम करणाऱ्या दलालाने) तसा दावा टाकावा लागतो. २०२५ पूर्वी बऱ्याच मालावर तसंही शुल्क नव्हतं, शिवाय ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं मोकळी जायची, म्हणून छोट्या निर्यातदारांनी हे कागद कधी केलेच नाहीत. ८०० डॉलरची ती सवलत २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. खरी भेट असेल, म्हणजे व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली, तर १०० डॉलरपर्यंतची सूट अजून आहे. मंडळाने मंडळाला विकायला पाठवलेला माल त्यात बसवू नका.

या दाव्यासाठी लागणाऱ्या मूळस्थानाच्या प्रमाणपत्राला ठरावीक फॉर्म नाही, साध्या कागदावर चालतं, पण नऊ गोष्टी हव्यातच: प्रमाणित करणारा कोण (आयातदार, निर्यातदार की उत्पादक), त्याचा तपशील, मग निर्यातदार, उत्पादक आणि आयातदार यांचे तपशील, मालाचं वर्णन व सहा आकडी एचएस कोड, मूळस्थानाचा निकष, वारंवार पाठवणार असाल तर मुदत (जास्तीत जास्त १२ महिने), आणि सही-तारीख. चकलीला निकष ‘बी’, कारण परदेशी पीठ वापरलंय. ‘ए’ (पूर्णपणे करारातल्या देशांतच मिळालेला माल) लिहिलं की प्रश्न येणार. पिठाची बिलं आणि कृतीचं प्रमाण पाच वर्षं जपून ठेवा. विक्रीच्या खाद्यपदार्थासाठी एफडीएला (अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाला) पूर्वसूचनाही द्यावी लागते, ती माल सीमेवर पोचण्याआधी द्यायची.

दिवाळी अंकांवर हे जादा शुल्क नाही. ज्या आणीबाणी कायद्याखाली ते लावलं, त्याच कायद्यात पुस्तकं-नियतकालिकांना सूट आहे. इनव्हॉइसवर अंक, चकली आणि चपला अशा तीन स्वतंत्र ओळी करा. ‘दिवाळी साहित्य’ असं एकत्र लिहिलंत तर जास्तीचाच दर लागेल.

प्रेषक: मिलिंद, एडिसन | १४ सप्टेंबर २०२५

अविनाशदादा, फार उपयोगी. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबरला या आणीबाणी शुल्काविरुद्धच्या खटल्याची सुनावणी मान्य केली आहे. निकाल शुल्काच्या विरोधात गेला तर हे सगळंच रद्द होईल ना? मग एवढा खटाटोप कशाला?

प्रेषक: शुभदा, ओटावा | १४ सप्टेंबर २०२५

मिलिंद,

सगळं रद्द होणार नाही. शुल्क दोन वेगळ्या कायद्यांवर उभं आहे. ३५ टक्के १९७७च्या आणीबाणी अधिकार कायद्यातून आले. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २८ मेला ते बेकायदा ठरवले, अपील न्यायालयाने २९ ऑगस्टला ७ विरुद्ध ४ मतांनी तेच म्हटलं, पण आत्ता, सप्टेंबर २०२५ मध्ये, वसुली चालू आहे. पोलाद-अॅल्युमिनियम (४ जूनपासून ५० टक्के) आणि गाड्या (२५ टक्के) १९६२च्या व्यापार कायद्याच्या कलम २३२ खाली आहेत, आणि हा खटला त्यांना हात लावत नाही. इमारती लाकडाचं प्रकरण तर तिसरंच, डम्पिंग (फार स्वस्तात माल ओतणं) आणि सबसिडीविरोधी शुल्क मिळून बहुतेक कंपन्यांना ३५.१९ टक्के. म्हणजे न्यायालयात जिंकलो तरी हॅमिल्टन आणि सू सेंट मरीच्या पोलादाला काहीच दिलासा नाही.

विंडसरच्या गाडीचा हिशोब पाहा. कुस्माला पात्र असलेल्या ४०,००० डॉलरच्या गाडीत २०,००० डॉलरचे अमेरिकेत बनलेले भाग असतील तर २५ टक्के उरलेल्या २०,००० वर, म्हणजे ५,००० डॉलर. एवढ्या फरकात कारखानदार पुढचं मॉडेल सीमेच्या अलीकडे काढायचं की पलीकडे, हा विचार करणारच.

कॅनडावरच्या आणीबाणी शुल्काचं कारण फेंटॅनिल (एक घातक अमली पदार्थ) दिलं गेलं. अमेरिकी कस्टम्सच्याच आकडेवारीत २०२४ च्या आर्थिक वर्षात उत्तर सीमेवर ४३ पौंड फेंटॅनिल पकडलं गेलं, दक्षिणेकडे २१ हजार पौंडांच्या वर. कॅनडासारख्या मित्रदेशाला अमेरिकेचं ‘५१वं राज्य’ म्हणणं आणि या आकड्यावर आणीबाणी उभारणं मला अन्यायाचं वाटतं. नमतं घेऊनही काही मिळालं नाही. २७ जूनला ट्रम्प यांनी बोलणी तोडली, २९ जूनला कॅनडाच्या कार्नी सरकारने डिजिटल सेवा कर (मोठ्या इंटरनेट कंपन्यांवरचा) मागे घेतला, आणि १ ऑगस्टला दर २५ वरून ३५ वर गेला.

कुस्माच्या सवलतीवरच सगळं टिकून आहे, आणि १ जुलै २०२६ ला त्याचा संयुक्त आढावा आहे. तिन्ही देशांनी होकार दिला तर करार आणखी १६ वर्षं चालेल. एखाद्या देशाने दिला नाही तरी तो लगेच मरत नाही, २०३६ पर्यंत दरवर्षी आढावा होत राहील. पण सहा महिन्यांची नोटीस देऊन कोणीही बाहेर पडू शकतो, आणि बोलण्यांत याच नोटिशीची भीती दाखवली जाईल.

तेव्हा वर्षाताई, अविनाशदादांनी सांगितलेले कागद निकालाची वाट न बघता आत्ताच करा.