मदत हवी आहे: विशेष शाळेत दात तपासणी शिबिर, पाच घाबरलेले विद्यार्थी आणि तीन तास

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबेल.

मी डिचोलीत दातांचा दवाखाना चालवते. चतुर्थी आटपली की जवळच्या एका विशेष शाळेत तपासणी शिबिर ठरलंय. चाळीसेक मुलं, वय ६ ते २३. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाउन सिंड्रोम; काहींना फिट येतात. मदतीला बीडीएसचे पाच विद्यार्थी आहेत: तीन इंटर्न, दोन शेवटच्या वर्षाचे. त्यांना तयार करायला मला एक शनिवार दुपार मिळतेय, जेमतेम तीन तास. काय शिकवू?

मलाच कोणी शिकवलं नव्हतं. मी घाटावर शिकले. बालदंतशास्त्राच्या पुस्तकात शेवटाकडे एक धडा होता, तो एका लेक्चरमध्ये उरकला आणि परीक्षेत पाच मार्कांची टीप आली. दवाखाना टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी ऑटिझम असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आला. मी सवयीने खुर्ची आडवी केली, दिवा तोंडावर घेतला, सक्शन चालू केलं. त्याने हात झटकला, ट्रे खाली. मी इतकी घाबरले की ‘पूर्ण भूल लागेल’ असं चिठ्ठीवर खरडून त्याला मोकळं केलं. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याची दाढ भूल न देता, जागेपणीच भरली. दोन खेपा नुसतं खुर्चीत बसवून, तिसऱ्या खेपेला. ती चिठ्ठी अजून टोचते.

तूर्त आराखडा असा: दीड तास स्लाइड्स (कोणत्या आजारात तोंडात काय दिसतं), अर्धा तास फिट आली तर काय करायचं, उरलेल्या वेळात एकमेकांवर सराव. पोरं हुशार आहेत, पण एकाने आत्ताच विचारलं, ‘मॅडम, चावलं तर?’ काय वगळू, काय घालू? पालक आणि शिक्षकांनीही लिहा.

मांडवीकाठी:
ताई, मी पालक. मुलगी २२ वर्षांची, ऑटिझम. स्लाइड्स कमी करा हो! आमच्या घरी दातांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे आठवडाभराची तयारी. मी मोबाइलवर फोटो काढून आणते: दार, खुर्ची, डॉक्टरांचा मास्क घातलेला चेहरा आणि मास्क काढलेला चेहरा. ते रोज दाखवते. तुमच्या पोरांचे फोटो शाळेला आधीच पाठवा. आणि त्यांना सांगा, माझ्याशी बोलू नका, तिच्याशी बोला. ‘हिला दुखतं का?’ हा प्रश्न ती समोर बसलेली असताना मला विचारतात. ती ऐकते.

खाजेंवाला:
ताई, शिबिरात माझी अक्कलदाढही बघाल का? मीही चावतो.

दाढदुखी:
(मी बालदंतवैद्य.) स्लाइड्स पूर्ण काढू नका, पण मोजक्या ठेवा. माझ्या मते एवढं हवंच. डाउन सिंड्रोम असेल तर हृदयाचं विचारायचं, हिरड्या नीट बघायच्या, मान मागे ताणायची नाही. सेरेब्रल पाल्सीत पाठीवर सपाट झोपवायचं नाही; अर्धवट बसतं ठेवायचं, गुडघ्याखाली उशी, डोकं मधोमध. दिवा वा आवाज अचानक आला की अंग दचकून ताठ होतं, ते मूल मुद्दाम करत नसतं. फेनिटॉइन (फिटचं औषध) घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढलेल्या दिसू शकतात.

चावण्याचं उत्तर सोपं: बोट दातांच्या मधे घालायचं नाही. त्यांच्या दातांमधे धरायला लाकडी पट्ट्यांवर गॉज आणि टेप गुंडाळून ठेवा. विकतचा माउथ प्रॉप (तोंड उघडं ठेवणारा ठोकळा) वापरलात तर त्याला फ्लॉस बांधून टोक बाहेर ठेवा.

फिट आली तर तोंडातलं सगळं बाहेर, कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. याला अर्धा तास कशाला? दहा मिनिटं पुरे, पण दोनदा करून घ्या.

आणखी एक. अठरावरची मुलं आहेत म्हणता, मग संमतीचं बघा. त्या वयाला आईची सही आपोआप चालत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व यांत १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालक (गार्डियन) नेमलेला असू शकतो. शाळेला कागद विचारा. आणि कागद असला तरी त्या मुलाला विचारायचंच.

बोरीचा_पूल:
आमच्याकडे विद्यार्थ्यांचे हात बांधून, डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अनुभव’ देतात. करून बघा.

मांडवीकाठी:
बोरीचा_पूल, नको. अर्धा तास पट्टी बांधून फक्त कीव येते. त्याऐवजी एका मोठ्या मुलाला किंवा पालकाला बोलवा, पोरांना प्रश्न विचारू दे. मी येईन, बस मिळाली तर.

माटोळी:
विशेष शिक्षिका आहे. शाळेत तुमच्या विद्यार्थ्यांना आधी एक सकाळ नुसतं बसू द्या, प्रार्थनेपासून डबा खाईपर्यंत. एप्रन नको. एका सकाळीत कळतं कोणाला आवाज सोसत नाही, कोणाला हात धरलेला चालतो. भाषेचंही बघा: आमची बरीच मुलं घरी कोंकणीच ऐकतात. ‘माउथ ओपन करो’पेक्षा ‘तोंड उगड पुता, भिवनाका’ लवकर पोचतं.

आणि कबूल करते: काम नीट केलं की आम्हीच चॉकलेट देतो. वर फिटचं गोड सिरप, तेही रात्री दात घासून झाल्यावर. हे आम्हालाही सांगा, पण ओरडू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांना धन्यवाद. खाजेंवाला, दवाखान्यात या, पट्ट्या तयार ठेवते.

शाळेशी बोलले. शनिवारच्या जोडीला बुधवारची सकाळही मिळाली, विद्यार्थी वर्गात बसतील. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४७ मध्ये डॉक्टरांच्या शिक्षणातच अपंगत्वाचा विषय घालायला सांगितलंय, ते कॉलेजला धाडायच्या पत्रात लिहिलं. कॉलेजची सुट्टी काढायला उपयोगी पडावं. शनिवारच्या स्लाइड्स दाढदुखी यांनी सांगितल्या तेवढ्याच, वीस मिनिटं. मग मांडवीकाठी बोलतील (म्हापशाहून येताना मी गाडीने घेईन, बस नको). उरलेला वेळ तपासणीचा आरसा हातात न घेता नुसतं खुर्चीत बसवणं, दिवा आधी हातावर दाखवणं, ‘पाच मोजून थांबते’ म्हणून खरंच थांबणं. ‘चावलं तर’ विचारणाऱ्यालाच पहिल्यांदा खुर्चीत बसवणार आहे.

चॉकलेटबद्दल बाईंवर ओरडणार नाही, पण रात्रीच्या सिरपनंतर ओल्या कापडाने दात पुसायचं पालकांना दाखवणार. ब्रश हातात धरता येत नाही त्यांच्यासाठी सायकलच्या मुठी आणल्यात, दांड्यावर बसतात.

एकच अडलंय: सेरेब्रल पाल्सीच्या मोठ्या मुलांसाठी बीनबॅग हवी आहे, दोन दिवसांपुरती. डिचोली, साखळी, अस्नोडा भागात कोणाकडे आहे का? न्यायला-आणायला मी येईन.