कोरोनाकाळ आणि मुलांना सांभाळणाऱ्या यंत्रणा : तुमचे अनुभव

ऑनलाइन शाळांवर भरपूर बोलून झालं. अंगणवाडी, बालगृह, बालकल्याण समिती, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन यांचं २०२०-२१ मध्ये काय झालं, ते जवळून पाहिलेल्यांनी लिहावं. मुलांची नावं नकोत.

अंगणवाडी सेविका, मराठवाडा
मार्च २०२० ला अंगणवाडी बंद झाली, आम्ही नाही. गहू, डाळ, हरभरा, तिखट-मीठ घरपोच दिलं. पण अंगणवाडीत लेकरू आमच्या डोळ्यांदेखत जेवायचं. घरी दिलेला शिधा सगळ्यांच्याच ताटात गेला, आणि जाणारच, हाताला काम कुणाला होतं? खरी पंचाईत वजनांची. काटा कुलपात, मग कोणतं मूल सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात, घसरलं हे कळायचं कसं? सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' हे घरोघरी कोविड तपासणीचं अभियान आलं. ज्या घरात आजीचा ऑक्सिजन मोजला, त्याच घरात पाळण्यातल्या बाळाचा दंडघेर (कुपोषण ओळखायला दंडाचं माप) मोजायला सवड नव्हती. वर २०२१ मध्ये नोंदींसाठी पोषण ट्रॅकर अ‍ॅप, तेही इंग्रजीत. आम्ही सरकारी मोबाइलच परत केले!

बालगृहातली काळजीवाहक
सुप्रीम कोर्टाने ३ एप्रिल २०२० ला सांगितलं, गर्दी टाळायला शक्य त्या मुलांना घरी पाठवता येतं का, ते बालकल्याण समित्यांनी पाहावं. आमचीही काही मुलं गेली. एरवी पाठवण्याआधी गृहभेट होते, नंतरही कुणीतरी जाऊन येतं. तेव्हा फोनवरच चौकशी. फोन बापाच्या हातात, स्पीकर चालू. मूल "बरा आहे" म्हणणार, दुसरं काय? शाळा सुरू झाल्यावर एका मुलीची चौकशी केली, तर तिचं लग्न लागलं होतं.

मावशी, नाशिक जिल्हा
बहीण दुसऱ्या लाटेत गेली, मेहुणे आधीच वारलेले. दोन्ही पालक गेलेल्या, त्यातला निदान एक कोविडने, अशा मुलांना राज्याचे ५ लाख मुदत ठेव. मेहुणे कोविडने गेले नव्हते, आणि बहिणीचाही आरटीपीसीआर नाही, छातीचा स्कॅन होता. एका कार्यालयात ऐकवलं, "कागद आणा, मग बोला." तेराव्याच्या आधी. बालसंगोपन या सरकारी योजनेचे महिना ११०० तरी मिळायला हवे होते. त्याची माहिती शेजारच्या आशाताईंनी दिली, कार्यालयाने नाही.

उत्तर, मावशींना
ताई, बालसंगोपनाला मृत्यूचं कारण कोविडच असावं लागत नाही. २०२३ पासून रक्कम २२५० झाली आहे. भाचरं १८ च्या आतली असतील तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात आजही अर्ज करा, आणि पोच घ्या.